दोन जादा गार्ड

चित्रा वर्तक सिंगापूरमधल्या आमच्या बेडोकच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, कमिटीत नऊ वर्षं सेक्रेटरी आहेत. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत नोकरी, बाई शिस्तीच्या. माझ्या दारापुढे चपलांचा स्टँड ठेवला म्हणून त्यांनी मला दोनदा नोटीस पाठवली, आणि दोन्ही वेळा संध्याकाळी डबाभर चकल्या घेऊन आल्या.

त्यांचे यजमान शामकांत तीस वर्षं बोटीवर होते, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी नावं, मग दिवस, मग जेवलो की नाही ते. चित्राताईंनी हे कोणालाही कळू दिलं नाही. मी समोरच राहते, पण मलाही नाही. ‘हे हल्ली फार झोपतात,’ एवढंच सांगायच्या. त्या सकाळी ऑफिसला जायच्या, दुपारी एक बाई येऊन शामकांतना जेवायला घालून जायची, आणि नंतर ते एकटेच असायचे.

गेल्या वर्षी तक्रारी सुरू झाल्या. भरदुपारी कोणीतरी येऊन दारांच्या मुठी दाबून बघतं. सी ब्लॉकमध्ये एक बाळंतीण एकटी होती, तिच्या स्वयंपाकघरात एक परका माणूस उभा सापडला. ती किंचाळली तसा तो निघून गेला. पोलीस आले, दारं लावून घ्या म्हणाले. कमिटीने ठराव आणला की दिवसपाळीला दोन जादा गार्ड नेमायचे आणि त्यासाठी सगळ्यांचा मेंटेनन्स वाढवायचा.

मीटिंगमध्ये ए ब्लॉकच्या मिसेस लिम विरोधात उभ्या राहिल्या. एकट्या राहणाऱ्या, साठवलेल्यावर जगणाऱ्या. म्हणाल्या, “गेलं काय कोणाचं? एक चमचा तरी गेला का?”

तेव्हा चेअरमनने पडद्यावर कॅमेऱ्याचा व्हिडिओ लावला. टोपी घातलेला एक माणूस पाठमोरा चालत होता. प्रत्येक दाराशी थांबून मूठ दाबायचा, मग तळहात दारावर सपाट ठेवून क्षणभर उभा राहायचा आणि पुढे जायचा. चेहरा दिसत नव्हता.

लग्नानंतर चित्राताई दोन सफरींना नवऱ्याबरोबर बोटीवर गेल्या होत्या. इंजिनरूममध्ये फेरी मारताना शामकांत प्रत्येक मशीनवर असाच हात ठेवायचे, कुठे जास्त तापलंय का ते बघायला. चित्राताईंनी त्यांना ओळखलं.

“सेक्रेटरी, तुमचं मत?” चेअरमनने विचारलं.

“सुरक्षितपणे राहायचं असेल तर पैसे द्यावे लागतील,” त्या म्हणाल्या आणि सर्वांत आधी हात वर केला. पाठोपाठ आम्हीही केले. माझाही हात वर होता. ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी सिक्युरिटी कंपनीला त्या माणसाचा फोटो त्यांनीच पाठवला. ते सेक्रेटरीचंच काम होतं. घरी बाहेरच्या जाळीच्या दाराला त्यांनी नवं कुलूप लावलं आणि एक किल्ली दुपारच्या बाईकडे दिली. तीन आठवड्यांनी ती बाई एका दुपारी कुलूप लावायला विसरली.

नवा गार्ड नाथन बासष्ट वर्षांचा, पूर्वी बस चालवायचा. नोकरीचा त्याचा दुसरा आठवडा. नवव्या मजल्यावर त्याला तीच टोपी दिसली.

“सर, थांबा. कुठला फ्लॅट तुमचा?”

“मी चीफ इंजिनिअर आहे,” शामकांत म्हणाले. “माझी फेरी चालू आहे. बाजूला हो.”

ते जिन्याकडे वळले. नाथनने दंड धरला, त्यांनी हिसडा मारला आणि ते अकरा पायऱ्या गडगडत खाली गेले. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलमध्ये चित्राताई पोचल्या तेव्हा नाथन बाकावर बसून होता. तो उठून उभा राहिला. इंग्रजीत म्हणाला, “मॅडम, मीटिंगमध्ये व्हिडिओ दाखवला होता म्हणे. तुम्ही होतात ना?”

“चेहरा दिसत नव्हता,” चित्राताई म्हणाल्या.

तो म्हणाला, “हो. चेहरा दिसत नव्हता.”

दोन दिवसांनी त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं की गार्डने एका आजारी, वयस्क रहिवाशावर बळजबरी केली. चेअरमनला काय समजायचं ते समजलं होतं, पण त्यालाही प्रकरण मिटायला हवं होतं. कमिटीने सह्या केल्या आणि नाथनला काढलं.

शामकांत पुन्हा चालले नाहीत. या वर्षीच्या सभेत चित्राताईंनी अहवाल वाचला: नवे गार्ड आल्यापासून तक्रारी शून्य, सबब वाढीव मेंटेनन्स चालू ठेवावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस लिम नव्हत्या. फ्लॅट विकून त्या बहिणीकडे गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी स्विमिंग पूलपाशी बसून चित्राताईंनी मला हे सगळं सांगितलं. रडल्या वगैरे नाहीत. मी विचारलं, “पण ताई, पत्र कशाला लिहिलंत? त्या माणसाचा काय दोष होता?”

“काही नव्हता,” त्या म्हणाल्या. “पण रोज ऑफिसला जाताना तो मला गेटवर दिसला असता.”

मागच्या रविवारी आम्ही दोघी बेडोकच्या हॉकर सेंटरला जेवायला गेलो. ट्रे गोळा करणारा माणूस गाडी ढकलत आमच्या टेबलाशी आला. नाथनच होता. त्याने चित्राताईंना ओळखलं, आणि मला वाटलं की आता तो काहीतरी बोलणार.

“सर कसे आहेत?” त्याने विचारलं.

“बरे आहेत.”

“चालायला लागले?”

“हो, लागले.”

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. म्हणाला, दर शुक्रवारी देवळात मी त्यांच्यासाठी दिवा लावतो. चित्राताईंनी मान हलवली, रुमालाने तोंड पुसलं आणि आपला ट्रे त्याच्याकडे सरकवला.

“हाही घेऊन जा,” त्या म्हणाल्या.