निळ्या वेलींचं ताट

पोलीस खात्यातून निवृत्त झालो, तरी ती घटना मनातून गेलेली नाही. चंद्रपूरच्या एका लहान संग्रहालयातून चिनी मातीचं जुनं ताट चोरीला गेलं होतं. इराणहून आलेलं, पांढऱ्या झिलईवर निळ्या वेली, काठाला अरबी अक्षरं.

काचेच्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोघांकडेच होत्या: संग्रहालयाचे अधिकारी आणि कुरखेड्याकडचा एक वयस्क शिपाई. अधिकाऱ्यांनी थेट शिपायाकडे बोट दाखवलं. नियमानुसार मी त्याच्या गावी जाऊन घराची झडती घेतली. काही मिळालं नाही, पण गावभर बोभाटा झाला.

मग शहरातले एक मुस्लीम व्यापारी ठाण्यात आले. "साहेब, नागभीडचा एक दलाल मोबाईलवर त्या ताटाचा फोटो दाखवून गिऱ्हाईक शोधून राह्यला. आमच्याच मोहल्ल्यातल्या घरानं म्युझियमले देलेली चीज हाय ते. मले राहावलं नाई."

दलालाला उचललं. तो एवढंच म्हणाला, "माल आतल्या माणसाचा हाय. नाव नाई मालूम." ज्या नंबरवर त्याचं बोलणं झालं होतं, तो बंद होता.

मी किल्ल्या असलेल्या त्या दोघांनाही वेगवेगळं बोलावलं आणि एकच वाक्य ऐकवलं, "ताट सापडलं, पण तुकडे झालेत."

शिपाई कळवळून म्हणाला, "अरे देवा! लेकरावानी पुसत होतो साहेब त्याले. जुळवता येईन का?"

अधिकारी मात्र ताडकन म्हणाले, "शक्यच नाही! चांगलं कापसात गुंडाळून..." आणि थांबले.

मीही गप्प राहिलो. चौकशीत गप्प बसण्यासारखा दुसरा प्रश्न नाही. थोड्याच वेळात त्यांनी सगळं कबूल केलं. ऊर्जानगरात त्यांच्या नातेवाइकाच्या माळ्यावरून, पंचांसमक्ष, ताट जसंच्या तसं काढलं. चोराला वस्तू कुठे आणि कशी आहे ते ठाऊक असतं, म्हणून तो आधी बातमीच खोटी ठरवतो. वस्तूवर जीव असलेल्याला ते सुचतच नाही, तो आधी वस्तूसाठी हळहळतो.

शिपायाला घेऊन मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि ती म्हणाली, "साहेब, झडती घेतली तवा सारं गाव पाहून राह्यलं होतं. आता बी साऱ्याईले बोलवा."

गाव जंगलात विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडायला गेलं होतं. मी अंगणात बाजेवर बसून राहिलो. माणसं परतल्यावर सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "हा माणूस निर्दोष आहे. चोर सापडला." एक म्हातारा उठला आणि त्याने शिपायाला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

त्यानंतर ज्या ज्या घरी झडतीत काही सापडलं नाही, तिथे सगळ्यांसमोर तसं सांगायलाही मी स्वतः गेलो, दिवसाउजेडी आणि गणवेशात.