दारातली चप्पल

सॅनिटायझरचा वास आला की मला आमच्या पॅरामॅटा शहरातलं कोर्ट आठवतं. कोविडच्या दिवसांत एका खुनाच्या खटल्यात मी ज्युरीत होते. खुनाच्या जागी चिखलात सापडलेला ठसा आरोपीच्या बुटाचाच, असं तज्ज्ञ ठासून सांगत होता. आरोपीची वकील म्हणाली, “बूट त्याचाच, पण आत पाय कोणाचा? त्यांच्या घरी सगळ्यांचे बूट दाराबाहेरच असतात.” मला ती नुसती पळवाट वाटली. संध्याकाळी घरी आले, तर बॅकयार्डातल्या ओल्या मातीत माझ्या चपलेचे ठसे. मी तर दिवसभर कोर्टात होते! सासूबाई म्हणाल्या, “अगं, कढीपत्ता तोडायला गेले होते. दारात दिसली ती चप्पल अडकवली पायात.” दुसऱ्या दिवशी कोर्टात स्क्रीनवर पुन्हा तोच बुटाचा ठसा दाखवला, तेव्हा मी पहिल्यांदा आरोपीकडे बघितलं. मास्कच्या वर फक्त त्याचे डोळे दिसत होते. निकाल देऊन आता काही वर्षं झाली. माझी चप्पल अजून दारातच असते, आणि घरातलं कोणीही ती घालून जातं.