नुसता वाजणारा धडा

मी पदवीधर झालो तो माझ्या ताईमुळे. दहावीनंतर शाळा सोडून ती डहाणूकडे चिकूच्या वाडीत कामाला जायला लागली, म्हणून मला तलासरीच्या वसतिगृहात राहून शिकता आलं. आज मी घरबसल्या बारावी करणाऱ्यांसाठी इंटरनेटवरचे अर्थशास्त्राचे धडे तयार करतो. त्या वर्गात ताईचं नाव मीच नोंदवलं. सकाळी ती अंगणवाडीत मदतनीस असते, दुपारी अजूनही चिकूच्या वाडीत जाते. सेविका व्हायचं तर बारावी हवी.

मागणीच्या धड्यावर मी फार खपलो होतो. पडद्यावर आलेख आपोआप उमटतो, रेघ हळूहळू खाली उतरते, मागे संगीत. चित्र सगळं दाखवतंय, मग बोलायचं कशाला, असं मला वाटलं. वरिष्ठांनी कौतुक केलं आणि मी फुगलो.

ताई अर्थशास्त्रात नापास झाली. मी फोनवर म्हणालो, अभ्यासाला थोडा वेळ काढायला हवा होतास.

पुढच्या सुट्टीत तिला भेटायला डहाणूजवळच्या आगर गावातल्या वाडीत गेलो. चिकू निवडणाऱ्या बायकांच्या मधोमध एक रिकामं घमेलं होतं आणि त्यात तिचा फोन. घमेल्यात आवाज मोठा होतो. हात आणि नजर चिकूंवर, कान फोनकडे. तिचा सगळा अभ्यास असाच व्हायचा; तो कसा होतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझाच धडा चालू होता. संगीत वाजत राहिलं.

शेजारची मावशी म्हणाली, "काय गं, तुझ्या भावानं लग्नाचा बँड लावलाय का?"

"थांब जरा," ताई म्हणाली, "आता सांगेल तो."

मी तिच्या मागेच उभा होतो. धडा संपला, तरी त्यात मी काही सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर तिला पत्र पाठवलं, माझ्या आवाजात बोलून:

"ताई, हे घमेल्यात ठेवून ऐक. तू वेळ काढला नाहीस असं मी म्हणालो, ते चूक होतं. तू ऐकत होतीस, मीच गप्प होतो. सगळे धडे आता बोलून पुन्हा करतोय. फेरपरीक्षेला बसायचं की नाही ते तू ठरव. माझं मन राखायला बसू नकोस. मावशीला सांग, बँड बंद केलाय. आता मागणीचा धडा. बाजारात चिकूचा भाव उतरला की गिऱ्हाईक जास्त चिकू घेतं. आलेखात भाव खालून वर मोजतात आणि चिकू डावीकडून उजवीकडे, म्हणून ती रेघ डावीकडे वर सुरू होते आणि उजवीकडे खाली येत जाते. कळलं नाही तर मला थांबव, मी परत सांगतो."