अम्मांनी ओळखलेलं खोड

घटना आधी नाही, आधी अम्मा. दहावीत शाळा सुटली आणि पोलीस भरतीसाठी मी गडचिरोलीकडून सोलापुरात आलो, तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. टॉवेल कारखान्यात कामाला जाणाऱ्या या तेलुगू बाईंनी मला घरामागची खोली दिली. भाडं विचारलं, तर म्हणाल्या, "आधी जेव की." पुढं सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो, पण त्या घासाचे उपकार अजून अंगावर आहेत.

निवृत्ती जवळ आली होती. खबऱ्याचा फोन आला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका यंत्रमागावर परका माणूस आहे, बरोबर बायको आणि लहान मुलगी, घुसखोर असावा. त्याला ठाण्यात आणला. गाव कोणतं? "कलकत्ता, साहब." जिल्हा? "कलकत्ता." खोटं बोलणारा घाबरलेला माणूस एकच उत्तर धरून बसतो. दिवसभर विचारलं, पुढं सरकला नाही.

त्याच्या खोलीची झडती घ्यायची तर पंच लागतात. पोलीस दिसले की शेजारी दार लावून घेतात. एक दुकानदार कसाबसा तयार झाला. दुसरं कुणी मिळेना, म्हणून मी अम्मांना बोलावलं. माझ्या शब्दाखातर त्या आल्या.

खोलीत दगडी सहाण आणि लाकडाचं एक खोड सापडलं. "चंदनचोर घावला की, साहेब," आमचा हवालदार हसला. त्याची बायको मुलीला कवटाळून भिंतीशी उभी होती. मुलीच्या गालांवर पिवळट लेप वाळला होता. अम्मांनी त्यावरून बोट फिरवलं.

"चंदन न्हाई रे. रंगूनकडच्या बाया हे खोड उगाळून गालाला लावतेत. जपानच्या लढाईत तिथनं चालत पळून आले आमचे लोक. आईनं असला एक तुकडा मरेपर्यंत जपला." मग त्या बाईला विचारलं, "रंगून? बर्मा?"

ती अम्मांचा हात धरून रडायला लागली. नवऱ्याला हे कळल्यावर तोही बोलला. तिकडच्या फौजेनं गाव जाळलं, भाऊ मारला, मग रानातून सीमा ओलांडली. "हम रिफ्यूजी हैं, साहब."

मी आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या कायद्यात तो शब्द नाही. परकीय लिहा."

तसंच लिहिलं. अम्मांचं बोलणं पंचनाम्यात आलं आणि त्याच धाग्यावर केस उभी राहिली. विनापरवाना देशात शिरल्याबद्दल नवरा-बायकोला शिक्षा झाली, मुलगी आईबरोबर आत गेली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

अम्मा एवढंच म्हणाल्या, "आमचे लोक आले तवा स्टेशनावर भात वाढला होता त्यास्नी. मी सोडवायला बोलले होते की रे."

मीही घरापासून लांबच राहिलो. पण रजा मंजूर झाली की गाडी धरायचो, आणि गाडी पोचायची तिथं गाव असायचं. निर्वासित म्हणजे काय, ते मला या केसनं शिकवलं. त्यांची शिक्षा कधीच संपली, तरी त्यांना घ्यायला कुठला देश तयार नाही, म्हणून तिघं अजून कुलपात आहेत. शिक्षा संपली, कैद संपत नाही.

अम्मांनी मागची खोली कुणाला दिलेली नाही. रोज झाडतात. त्यांचं वय झालंय, त्याचीच मला धास्ती वाटते. मी वकिलाकडं खेपा घालतोय. त्या तिघांना एक दिवस अम्मांच्या दारात नेऊन उभं करीन. त्या पहिल्या घासाची फेड मी तशीच करणार.