सोनूच्या घोरण्याची तपासणी

आमची सोनू पहिलीत होती आणि तिच्या घोरण्यानं शिरूरमधली आमची अख्खी आळी जागी राहायची. तिच्याच अंथरुणात झोपून मला मात्र कधी काही ऐकू आलं नाही. (आईची झोप म्हणे सावध असते!)

"पोर लई घोरती गं," पलीकडच्या खोलीत झोपणाऱ्या सासूबाई रोज सकाळी सांगायच्या. त्यात शाळेतल्या बाई म्हणाल्या, सोनू वर्गात डुलक्या घेते. तिला घेऊन मी तडक दवाखाना गाठला. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "झोपेत श्वास अडकत असेल. टॉन्सिल काढावे लागतील." पण आधी श्वास तपासायला त्यांनी रात्रीपुरतं एक मशीन घरी दिलं. छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा!

पोरीला मशीन लावणार म्हटल्यावर आळी भेटायला आली. रिकाम्या हातानं कसं यायचं? बिस्किटपुडे, शहाळी! मी चहा करकरून दमले आणि इकडं जो तो चिमट्यात बोट घालून मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा बघतोय.

"माझं सत्त्याण्णव!"

"व्हय? माझं अठ्ठ्याण्णव!"

शेजारच्या मामींचं त्र्याण्णव आलं, तर त्या रडायलाच लागल्या.

मंडळी गेली आणि सोनू अडून बसली. "आधी तू लाव!"

"बरं बाई. ह्यो पट्टा, ही नळी, आन् असं डोळं मिटायचं..."

मिटले ते थेट सकाळी उघडले! मशीन माझ्याच अंगावर. रात्रपाळीहून आलेल्या ह्यांनी कपाळाला हात लावला. "आता गं? मशीन तर आजच परत द्यायचंय!"

"द्या की! पोर माझ्यावरच गेलीय. श्वासबी सारखाच असंल!" (हे मी बोलले. मीच.)

डॉक्टरांनी मशीनमधून निघालेला कागद पाहिला आणि चष्मा काढला. "अवघड आहे. आजच ॲडमिट करा, ऑपरेशन करून टाकू."

सोनूनं भोकाड पसरलं.

"थांबा! पोरीला हात लावू नका!" मी किंचाळले. "ते घोरणं माझं हाय!"

बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावले. हे खिडकीकडं तोंड करून खुदुखुदू हसत होते.

पुन्हा मशीन मिळालं. या खेपेला ते सोनूलाच लावलं, आणि मी शेजारी राखणीला. नवा कागद बघून डॉक्टर म्हणाले, "श्वास उत्तम आहे. टॉन्सिल काढायची काही गरज नाही. पण ही रात्रभर दचकून उठते. हिच्या शेजारी कोण झोपतं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सोनूसुद्धा!

डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहून दिलं: "मुलीला आईपासून लांब झोपवणे. रोज रात्री, जेवणानंतर."