गुलाबी स्वयंपाकघरातली निळी कमळं

बाबांच्या नजरेवर अख्ख्या मिलचा भरवसा होता. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये ते साड्यांची नक्षी कागदावर रंगवायचे. दोन लालांमधला फरक त्यांना उन्हात, सावलीत, कुठेही दिसायचा. मिल बंद झाली आणि वर्षभर त्यांनी ब्रश धरला नाही. खुर्चीत बसून समोरची भिंत बघायचे. तिचा रंग चुकलाय, एवढंच बोलायचे.

शेवटी आईनेच डाव टाकला. "अहो, ओट्यामागे टाइल्स हव्यात मला. बाजारातल्या नकोत. तुमच्या साडीवरची ती गुलाबी कमळं काढून द्या."

बाबा उठले. सिमरोलच्या वाटेवरच्या एका भट्टीवाल्याकडे आम्ही बापलेक जायला लागलो. ओली माती लाटायची, चौकोन कापायचे, सुकवून एकदा भाजायचे, मग रंगवून पुन्हा भाजायचे. बाबांची बोटं पुन्हा माखू लागली आणि जेवताना ते चक्क एक पोळी जास्त मागू लागले. आनंदाच्या भरात आईने सगळं स्वयंपाकघर गुलाबी रंगवून घेतलं. मी तेव्हा कॉलेजात होते. गुलाबी कमळांची गल्लीभर जाहिरात मी केली.

रंगांच्या पुड्या मांडून भट्टीवाला म्हणाला, "मास्टरजी, कच्चे रंग पे मत जाना. आग में पलट जाता है."

"भिया, उमर भर रंग ही देखे हैं," म्हणत बाबांनी एक जांभळट गुलाबी पूड उचलली. कागदावरचा गुलाबी गुलाबीच राहतो. मातीही तसंच वागेल, असं त्यांनी धरलं.

भट्टी उघडली. बाबा पुढे वाकले आणि तसेच राहिले. बारा टाइल्स, बारा निळी कमळं. लाजरी निळी नव्हेत, ठणठणीत निळी. मी उघडलेलं तोंड मिटायला विसरले. गल्लीला काय सांगू, ही माझी चिंता. बाबांची वेगळी होती. मिल गेल्यावर त्यांच्यापाशी नजर तेवढी उरली होती, आणि आता तीही गेली, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

भट्टीवाला हसला नाही, हे त्याचे उपकार.

एक गरम टाइल फडक्यात धरून बाबा ती फिरवत राहिले. आणि मग, जन्मात कुणाला रंग न विचारलेल्या त्या माणसाने विचारलं, "भिया, बाकी पुड़ियों का क्या बनता है? सबका एक-एक टुकड़ा पका दोगे?"

निळ्या कमळांपेक्षा मोठा धक्का मला याचा बसला.

घरी आईने गुलाबी भिंतीवर एक कमळ धरून पाहिलं. "भयंकर दिसतंय," ती म्हणाली. "बसवून टाका."

बाबांचं लक्ष नव्हतं. ते जमिनीवर बसून भट्टीवाल्याकडून आणलेल्या पुड्यांवर नंबर घालत होते.