शेवटच्या पानांचा टाका

कुमुद गेली त्याच्या आदल्या दुपारी तिनं उशाशी ठेवलेलं नव्या कादंबरीचं हस्तलिखित माझ्या हातात दिलं. त्याचं शेवटचं प्रकरण लाल दोऱ्यानं शिवून बंद केलेलं होतं. "प्रकाशकाकडं द्यायच्या आधी तुम्ही वाचा," म्हणाली. "अन् शेवट शेवटीच वाचा, तुमच्या मनासारखा..." आणि हसली. त्या हसण्यामागं आमचा सगळा संसार होता.

लग्नानंतर ती आष्टीहून जालन्याला आली, तेव्हा तिच्या पेटीत साड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. वाटलं, जोडी बराबर जमली. पण लवकरच कळलं, ही बाई कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते आणि मग ते सुरू करते! मला ते सहन होईना. ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवायची मला सवय होतीच. एकदा नवं पुस्तक घरी आणताना मी त्याची शेवटची पानं टाके घालून बंद केली. तिनं भाजी चिरता चिरता विळीवर दोरा कापला. "तुम्ही शिवून राह्यले, मी उसवून राह्यले," म्हणाली. "चालू द्या असंच." ते वर्षानुवर्षं चाललं.

प्रवासातही तेच. माझ्या गावाला, पिंपळगाव रेणुकाईला निघालो, की एसटीत पाय ठेवताच ती कंडक्टरला विचारायची, "वापस यायची शेवटची गाडी कधी?" एकदा एक कंडक्टर म्हणाला, "मावशी, आधी पोचू तं द्या! गावाचा आत्ताच कंटाळा आला का?" सगळी बस हसली. वेळ कळल्यावर ती मात्र निवांत झाली. केदारखेड्याला चढलेल्या एका म्हातारीला तिनं इतकं बोलतं केलं, की पुढच्या कादंबरीत ती म्हातारी आपल्या पेरूच्या पाटीसकट येऊन बसली.

लिहितानाही ती शेवट आधी लिहायची. "शेवट माहीत असला की घाई सुटते," म्हणायची. "मंग माणसांकडं नीट बघता येतं." मला ते कधीच पटलं नाही.

मग आजार आला. डॉक्टर तपासण्या समजावत होते, तर तिनं मध्येच विचारलं, "शेवट काय, तेवढं आधी सांगा." मी उठून बाहेर आलो. नंतर मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण पुढचे महिने ती किती शांत होती... बोलता बोलता थांबायची आणि माझ्याकडं बघत राहायची.

ती गेल्यावर प्रकाशकांचे फोन येऊ लागले. मी त्या टाक्यांपर्यंत वाचत जायचो आणि पुन्हा पहिल्या पानावर यायचो. ते प्रकरण वाचलं, की तिचं न वाचलेलं असं काही उरणार नव्हतं. अखेर गेल्या आठवड्यात कात्री घेऊन बसलो. दोनदा उचलली, दोनदा खाली ठेवली. चष्मा लावून जवळून पाहिलं, तर तिनं गाठ मारलीच नव्हती. नुसता धावदोरा घातला होता. टोक धरून ओढलं... सगळा दोरा अलगद हातात आला. माझ्याच्यानं कात्री चालवली जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

शेवट वाचला. हस्तलिखित पाठवून दिलं.

काल एक नवं पुस्तक घरी आणलं. त्याचं शेवटचं पान आधी उघडलं. मी वाचलं नाही. तिच्या खुर्चीसमोर थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं. मग तो लाल दोरा खुणेला घालून पहिल्या पानापासून सुरुवात केली.